सायकलवाली ढाल

(नांगर, १७०८)

"सदतीस!"

"अडतीस असतात. परत मोज," फेना म्हणाली.

"तीनदा मोजल्या! आता तूच मोज की!" दहा वर्षांचा ब्राम, तिचा भाऊ, वैतागला.

स्वयंपाकघराच्या टेबलावर गावच्या नेमबाज संघाच्या चांदीच्या ढाली पसरल्या होत्या. तळहाताएवढ्या, पातळ. लाकडी पक्षी पाडून जो राजा होतो, तो आपल्या धंद्याचं चित्र आणि वर्ष कोरून एक ढाल देतो. दुपारी दोनला नवा राजा ठरणार आणि सगळ्या ढालींची माळ त्याच्या गळ्यात पडणार.

"ढाल म्हणजे मार अडवायची वस्तू ना?" ब्रामने एक वाकवून पाहिली. "हिने माशीसुद्धा अडणार नाही!"

"वाकवू नकोस रे!" आजोबा ओरडले. "पूर्वी संघाची माणसं गावासाठी वेशीवर उभी राहून मार खायची. या त्यांच्या आठवणीच्या."

मग त्यांनी स्वतः मोजल्या. सदतीस. सायकलवाली नव्हती. आजोबा खाली बसले.

(कासंडी, १८६६)

संघाचे प्रमुख फान खेस्टल कॉफी न घेताच उभे राहिले.

"श्येफ, एकतीस वर्षं तू चांदी राखलीस. पण आता वय झालं. दोनपर्यंत ढाल सापडली नाही, तर चांदीच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे दे."

"देतो," आजोबा म्हणाले. बास, एवढंच!

"तुम्ही भांडत का नाही?" फेनाने नंतर विचारलं.

"राखणदार मी. मग हरवली तीही माझ्याकडूनच."

(सायकलवाली ढाल हवी. जागा रिकामी.)

"चांदी शेवटची कधी बाहेर काढली होती?" शेजारच्या कोबुसने विचारलं. सुट्टीत तो दिवसभर यांच्याकडेच असायचा; फक्त जेवायला स्वतःच्या घरी जायचा, एवढंच.

"यानस बेकरीवाल्यांच्या अंत्यविधीला. बारा दिवस झाले," फेना म्हणाली. "संघातलं कोणी गेलं की माळ शवपेटीवर ठेवतात."

आईच्या फोनमध्ये फोटो होते. पहिल्यात माळ पेटीवर, सायकल स्पष्ट दिसत होती! दुसऱ्यात पेटी उचललेली, आणि खांदा द्यायला... आजोबा!

"पण त्यांनी तर माळ धरायची असते!" ब्राम म्हणाला.

"खांदा देणारा एक जण पाठदुखीने आला नव्हता ना," फेना म्हणाली. " मग माळ कोणाकडे?"

फेनाने फोटो मोठा केला. काळं कापड बांधलेला, जमिनीवर उलटा ठेवलेला ढोल. त्यावर ठेवलेली माळ. आणि ती ठेवणारा हात, संघप्रमुखाची अंगठी घातलेला.

"अगं, हे तर फान खेस्टलकाका!"

"आजोबांना माहीत असणार," फेना हळूच म्हणाली. "माळ त्यांनीच दिली असणार."

कोबुसने एकदम टेबलावर हात आपटला. "ढोल! हॅरीकाकांचा ढोल बारा दिवस खर्र खर्र करतोय!"

(ढोल, १९११)

दीड वाजला. मैदानावर हॅरीकाका ढोल बडवत होते. खर्र, खर्र.

"काका, आवाज बिघडलाय."

"हवा दमट आहे. आणि ढोलाला हात लावायचा नाही! माझ्या बायकोलाही परवानगी नाही."

"तिने कधी मागितली?" कोबुस पुटपुटला.

"काय म्हणालास?"

ब्राम गवतावर आडवा पडून ढोलाखाली बघत होता. तो किंचाळला, "काका! खाली कोळी! केवढा मोठा!"

हॅरीकाका रानडुकराला भीत नव्हते, पण कोळ्याला! त्यांनी झटक्यात पट्टा काढला आणि ढोल उलटा करून गवतावर ठेवला. "कुठाय? कुठाय तो?"

"तो बघा," ब्राम म्हणाला. "सायकलवर बसलाय."

खालच्या चामड्यावर ताणलेल्या तारांत चांदीचा तुकडा अडकला होता. त्यावर बारीक कोरलेली सायकल!

(सायकल, १९३४)

दोनला पाच मिनिटं कमी असताना फेनाने ढाल आणि फोटो उघडलेला आईचा फोन फान खेस्टल यांच्या हातात दिला. त्यांनी फोटो पाहिला. मग स्वतःची अंगठी पाहिली.

"श्येफ, तू बोलला का नाहीस?"

"चारचौघांत? तुम्ही प्रमुख आहात." आजोबांनी खांदे उडवले. "माळ सोडायला नको होती, ती मी सोडली."

फान खेस्टल यांनी टोपी काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "माळ ढोलावर मी टाकली. दोन मिनिटांसाठी. चूक माझी. किल्ली श्येफकडेच राहील. आणि या तीन पोरांसाठी ध्वज अंथरा!"

संघाचा ध्वज गवतावर पसरला. त्यावरून फक्त नवा राजा चालतो.

"बूट काढू?" कोबुसने विचारलं. बुटांना चिखल होता.

"राजा काढतो का?" हॅरीकाका म्हणाले आणि ढोल वाजवू लागले. स्वच्छ, भरीव आवाज!

ब्राम मात्र ध्वजाच्या कडेला थांबला. "आजोबा, आता कळलं."

"काय रे?"

"मार कोण अडवतं ते." त्याने आजोबांचा हात धरला आणि त्यांनाही ध्वजावर ओढलं. "चला. तुमच्याशिवाय मी नाही चालणार."