न निवणारं कडं

आमच्या कारखान्यात लोखंडाच्या भुकटीची कडी होतात. भुकटी इतकी बारीक की बोटावर घेतली तर रेषांमध्ये जाऊन बसते. तिच्या प्रत्येक कणावर पातळ लेप चढवायचा, मग ती साच्यात घालून दाबायची आणि तयार झालेलं कडं भट्टीत बेताच्या आचेवर शेकायचं. पुढे त्यावर तांब्याची तार गुंडाळतात आणि ते विजेच्या यंत्रात जाऊन बसतं. सगळी मदार त्या लेपावर. कण एकमेकांना खेटून बसले पाहिजेत, पण शिवता कामा नयेत. भट्टी जास्त तापली तर लेप जळतो, कणाला कण भिडतो, आणि वीज एकातून दुसऱ्यात मोकाट धावते.

दाबयंत्रावर मी होतो. तारेच्या बाकावर माझी बायको आणि लेपाच्या खोलीत आमची एकुलती एक मुलगी. यांच्या घरात भातसुद्धा मापात शिजत असेल, अशी चेष्टा व्हायची. मुलगी तोंडाने फटकळ. माझं यंत्र कुरकुरलं की भर कामात ओरडायची, "बाबा, त्याला आधी औषध पाजा."

हिवाळ्यात तिला ताप आला. तो उतरलाच नाही. दवाखान्यातून आम्ही दोघंच परत आलो.

तिने लेप चढवलेल्या भुकटीचं शेवटचं पिंप कोपऱ्यात तसंच पडून होतं. ऊन जरा तापायला लागलं तेव्हा ते माझ्या यंत्रावर आलं. झाकणावर तिच्या हातमोज्याचा करडा ठसा होता. मी तो पुसला नाही. झाकण बाजूला ठेवलं आणि दाबायला लागलो.

कडी तपासायला एक तरुण माणूस होता. करपलेला लेप नुसत्या वासावरून ओळखायचा, म्हणून त्याला सगळे नाक्या म्हणत. तो कड्याला तारेचे तात्पुरते वेढे देऊन वीज द्यायचा, तोडायचा, मग हाताची मागची बाजू लावून बघायचा. हे लोखंड विसरभोळं असतं. वीज होती तोवर चुंबक, तोडली की काही नाही. ऊबही थोड्या वेळात निघून जाते.

त्या पिंपातली कडी निवत नव्हती.

"मामा, तुमच्या कड्यांना ताप आलाय," नाक्या हसत म्हणाला आणि लगेच त्याने जीभ चावली.

त्याने एक कडं फोडून भिंगाखाली धरलं. लेप शाबूत होता. मापंही बरोबर होती. दुसऱ्या दिवशी टेबलावर नुसती ठेवलेली, तारही न गुंडाळलेली कडी तशीच कोमट होती. कारण कुणालाच सांगता येईना, म्हणून सगळी मोडीत काढायची ठरली. त्यातलं एक माझ्या बायकोने पदराआड घेतलं. मी पाहिलं आणि उरलेली मोडीच्या पेटीत टाकली.

मुलगी गेल्यापासून ती धड जेवली नव्हती. त्या संध्याकाळी पोटभर जेवली. माझ्या सदऱ्याचं तुटलेलं बटण लावून दिलं, शेजारणीशी दारात उभी राहून हसत बोलली. कडं मुठीत घेऊन शांत झोपली. मला बरं वाटलं. कशाने का असेना, हसतेय तरी, असं मी मनाला समजावलं.

मग एकदा पाण्याचा पेला घेताना तिची बोटं माझ्या बोटांना लागली. गार होती. काही दिवसांनी मनगट गार लागलं, मग कोपर. कडं मात्र होतं तेवढंच ऊन. डॉक्टरांनी वय झालंय म्हणून सांगितलं. ते मला म्हातारी म्हणायलाच नाडी धरून बसले होते, असं ती वाटेत म्हणाली. हसताना तिचे दात वाजत होते.

घरी आल्यावर मी ते कडं मागितलं.

"थंडी वाजते तिला," ती म्हणाली. "माझ्याजवळ आहे ती ऊब मी देते. तुमचं काय जातं?"

माझं काय जात होतं? मला ती एकच तर उरली होती.

सुट्टीच्या दुपारी ती खिडकीपाशी उन्हात, दोन पांघरुणं घेऊन झोपली होती. मूठ सैल पडली होती. मी कडं उचललं आणि कारखान्यात गेलो. पहारेकऱ्याला म्हटलं, डबा विसरलो.

दाबयंत्राखाली घालून चुरा करायला हात धजेना. हातात ते तापातल्या कपाळासारखं लागत होतं. भट्टी सुट्टीलाही विझवत नसत. मी कडं आत ठेवलं आणि आच शेवटपर्यंत वाढवली.

लेप जळाल्याचा वास आला. कणाकणातलं अंतर संपत होतं.

बाहेर काढलं तेव्हा ते काळं पडलं होतं. मी शेजारी बसून राहिलो. हळूहळू, इतर कुठल्याही कड्यासारखं, ते निवलं.

घरी आलो. ती अजून झोपलेलीच होती. भीतभीत मी हात धरला.

ऊन होता. खांद्यापर्यंत.

मी तिथेच जमिनीवर बसलो आणि खूप रडलो.

सकाळी चहाच्या वासाने जाग आली. ती ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. तीन कप मांडले होते.

"बाबा," ती वळून म्हणाली, "आई अजून उठली नाही?"

आवाज माझ्या बायकोचाच होता.

मी जवळ गेलो. तिच्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवला.

"झोपू दे तिला," मी म्हणालो. "दमलीय."