कडा वर कसा सरकला?

दरड कोसळते ती खाली. मग बगळकड्याचा कातळ वर कसा सरकला? हे कोडं पुढ्यात आलं तेव्हा अकरा वर्षांची शाल्मली आधीच पुरती वैतागलेली होती.

वैतागाचं कारण होतं वाटाड्या. त्या काळी डोंगर चढणाऱ्यांबरोबर एक यंत्रमानव द्यायचे, त्याचं हे नाव. दर दोनशे पावलांवर तो थांबायचा, पाणी प्यालात का विचारायचा, बुटांच्या नाड्या तपासायचा. तीन तासांच्या चढणीला पाच तास लागले. आजी मात्र हसत होती. मेंदूचा अभ्यास करण्यात तिची चाळीस वर्षं गेली होती. आता दोन्ही गुडघे कृत्रिम होते आणि एवढी चढण पुन्हा जमणार नाही, हे तिने निघतानाच सांगितलं होतं.

शेवटी बगळकड्यावरचा धबधबा दिसला. काळ्या कातळावरून पांढरंशुभ्र पाणी कोसळत होतं. शाल्मली खडकावर बसली आणि पाण्याच्या मधोमध नजर लावून मिनिटभर बघत राहिली. मग तिने शेजारच्या कातळाकडे पाहिलं. कातळ हळूहळू वर सरकत होता.

"आजी, कडा हलतोय," ती म्हणाली.

आजीच्या आधी वाटाड्याने ऐकलं. कडा हलल्याची खबर मिळाली की जागा रिकामी करायची, असा त्याचा नियम होता. त्याने भोंगा वाजवला आणि धबधब्यापाशी आलेल्या सगळ्यांना परत फिरायला सांगितलं. आजीने नुकतेच बूट काढले होते. शाल्मलीला रडू कोसळायचंच बाकी राहिलं. तिने पुन्हा पाहिलं, तर कडा जागच्या जागी. तसं तिने वाटाड्याला सांगितलं. त्याच्या मोजणीतही कडा केसभरसुद्धा हललेला नव्हता. पण खबर ती खबर, असं म्हणून तो हटेना.

आजीने शांतपणे विचारलं, "कुठल्या दिशेला हलला?"

"वर."

"आणि त्या भेगेतलं नेचं? तेही वर गेलं?"

शाल्मली गोंधळली. कातळ सरकत होता खरा, पण नेचं होतं तिथेच होतं. सरकणं दिसत होतं, जागा मात्र बदलत नव्हती.

मग आजीने वाटाड्यालाच गळ घातली. त्याच्या मोजणीत धोका नव्हता, तेव्हा निर्णय पाच मिनिटं थांबवायला काय हरकत होती? वाटाड्याने बराच विचार करून पाच मिनिटं दिली. आजीने परत निघालेल्या चार-पाच जणांना पाण्याकडे मिनिटभर बघायला लावलं आणि मग कातळाकडे. सगळ्यांचे चेहरे पाहण्यासारखे झाले. प्रत्येकाला कातळ वर जाताना दिसला, आणि पंधरा-वीस सेकंदांत तो थांबलाही.

"हा गतीचा भास," आजी म्हणाली. "तुझ्या मेंदूत चेतापेशी (निरोप पोचवणाऱ्या पेशी) आहेत. काही पेशी खाली जाणाऱ्या हालचालीची वर्दी देतात, काही वर जाणाऱ्या. एरवी स्थिर वस्तूकडे पाहिलं की दोन्ही गट सारखाच जोर लावतात. रस्सीखेचीत दोर मधोमध राहावा तसं. पण तू मिनिटभर कोसळतं पाणी पाहिलंस."

"म्हणजे खालच्या गटाची दमछाक झाली," शाल्मली सावकाश म्हणाली. "मग कातळाकडे पाहिल्यावर त्यांचा जोर कमी पडला आणि दोर वरच्या गटाने ओढला."

"आणि दमलेल्या पेशी सावरल्या की दोर पुन्हा मधोमध."

वाटाड्याने कॅमेरा मिनिटभर पाण्यावर रोखला, मग कड्यावर. त्याला काही दिसलं नाही. त्याचा कॅमेरा असा दमणाराच नव्हता. त्याने माघारीचा हुकूम मागे घेतला आणि पुढच्या वेळी खबर देणाऱ्याला काय विचारावं, असं शाल्मलीलाच विचारलं. हालचाल कुठल्या दिशेला होती ते आधी विचार, तिने सांगितलं. मग त्याला अर्धं मिनिट डोळे मिटून पुन्हा पाहायला सांग, आणि तुझी मोजणी मात्र एक क्षणही थांबवू नकोस. वाटाड्याने ते सगळं नोंदवून डोंगरातल्या इतर वाटाड्यांना कळवलं.

आजी डोहात पाय सोडून बसली. शाल्मली तिच्या शेजारी टेकली आणि विचारू लागली, की पेशी दमतात ते नेमकं कशामुळे?

"थोडं आम्हाला कळलंय," आजी म्हणाली. "बरंच राहिलंय. तुमच्यासाठी."

शाल्मलीने पुन्हा पाण्यावर नजर लावली. या वेळी ती मनात सेकंद मोजत होती.