तात्यांचं पाणी

मंगळवारी दुपारी जाईबाई नवऱ्याला, लवूला घेऊन परळच्या डायलिसिस सेंटरात गेली. तिथे आधी वजनकाट्यावर उभं राहायचं, मग पलंग. लवू काट्यावर चढला आणि तंत्रज्ञ नूपुर थबकली.

"काका, चार किलो वाढलंय. किती पाणी प्यायलात?"

"घोटभर पण नाय पिलंय गो. देवाशपथ सांगतंय."

चोर तो चोर वर शिरजोर, जाईबाई मनात म्हणाली. किडन्या गेल्यापासून ती त्याला पाणी मापून द्यायची. जास्त झालं की ते छातीत साचतं आणि माणूस बसल्या जागी बुडतो. शेजारच्या पलंगावरचे तात्या गेल्या आठवड्यात तसेच गेले. बिचारे हसत म्हणायचे, "मेल्यावर तरी पोटभर पाजा रे!" मागे कोणी नव्हतं, दहा दिवस दिवा लावून पाणी ठेवणार कोण? म्हणून लवूने लालबागच्या आपल्याच खोलीत पेला भरून ठेवायला सुरुवात केली. "ज्याचं पाणी त्याच्याच उंबऱ्याआत ठेवावं," जाईबाईने बजावलं होतं. पण ऐकेल तर लवू कसला! रोज सकाळी पेला रिकामा. कोण पितं ते आता तिला कळलं होतं.

त्या संध्याकाळी घरी दिवा लागताच ती त्याचे दोन्ही हात धरून समोर बसली. बघूच आता. खाली पोरांचा गलका चालला होता, तो हळूहळू लांब गेल्यासारखा झाला. खोलीत स्पिरिटचा वास येऊ लागला. आणि पेल्यातलं पाणी... खाली जात होतं.

लवूचे ओठ कोरडे, घट्ट मिटलेले. गळ्याची घाटी मात्र वर-खाली होत होती.

जाईबाईने पेला उचलला आणि धावत जाऊन मोरीत ओतला.

"ओतू नको गो..." लवू लहान पोरासारखा रडू लागला. "तीन वर्सांत... पयल्यांदा तहान भागली माझी..."

"मराल तुमी!"

"मेलंय तर मेलंय..."

तिने त्याला कवेत घेतलं. डायलिसिसच्या सुया टोचायला ऑपरेशन करून फुगवलेली त्याच्या हाताची शीर कायम थरथरायची. रात्री तिच्यावर तळवा ठेवूनच जाईबाईला झोप लागे. तिने तळवा ठेवला.

थरथर नव्हती. कातडीखाली कोणीतरी सावकाश पीत होतं. एक घोट... मग दम... मग पुन्हा घोट...

पेला मोरीत पालथा पडला होता, तरी ते थांबत नव्हतं.