घर तुझंच समज

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. ही गोष्ट खरी घडलेली आहे. ज्याच्यासोबत घडली तो श्रेयस माझा मावसभाऊ, आणि थापा मारणं त्याला आयुष्यात जमलेलं नाही.

जागा ओटावा. दिवस गेल्या वर्षीचा अकरा नोव्हेंबर, युद्धात गेलेल्या सैनिकांच्या आठवणीचा.

त्याआधी उन्हाळ्यात श्रेयस आणि त्याची बायको अवनी यांनी ओटावाच्या कनाटा उपनगराजवळ एक जुनं घर घेतलं. बेसमेंटच्या भिंतीवर एका जवानाचा फोटो होता. कोवळा, हसरा चेहरा.

"हा डॅनी," शेजारच्या प्रभाकाकूंनी सांगितलं. त्या तिथे चाळीसेक वर्षं राहतात. "गुणी पोरगा गं. न सांगता माझ्या ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हलने, म्हणजे फावड्याने, काढून जायचा. लग्न ठरलं होतं. सुट्टीवर यायला निघाला आणि कंदाहारच्या रस्त्यावर स्फोटात गेला. बावीस वर्षांचा होता. त्या मुलीने पुढे दुसरं लग्न केलं. आईने घर विकलं, पण फोटो नेला नाही. म्हणाली, तो हे घर सोडून येणार नाही."

अवनीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने फोटो किचनमध्ये लावला. रोज पुसायची. पोळ्या लाटताना त्याच्याशी बोलायची.

श्रेयस जळायला लागला. हो, मेलेल्या माणसावर!

"तुझा डॅनी घोरत नाही, मोजे कुठेही टाकत नाही. तुमचं पटणारच," तो म्हणायचा. वरवर थट्टा, पण पोटात दुखायचंच.

सर्वपित्रीला त्याने घरामागच्या लाकडी डेकच्या कठड्यावर वडिलांचं पान ठेवलं. अवनीने शेजारी दुसरं पान ठेवलं, डॅनीसाठी.

"बिचाऱ्याच्या मागे करणारं कोण आहे?" ती म्हणाली. मग आपण कुठल्याही पाहुण्याला म्हणतो तसं सहज म्हणाली, "संकोच करू नकोस रे. घर तुझंच समज."

कावळा आला. डॅनीच्या पानाला शिवला.

वडिलांच्या पानाकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

त्या वर्षी बर्फ लवकर पडला. सकाळी श्रेयस शोव्हल घेऊन बाहेर गेला, तर... अवनीच्या गाडीभोवती सगळं साफ. त्याची गाडी बर्फात तशीच.

बर्फात पाऊल एकही नव्हतं.

मग पलंग... अवनीच्या बाजूची चादर ताणून, कोपरे दुमडून घातलेली, अगदी छावणीतल्यासारखी. श्रेयसची बाजू चुरगळलेली.

"मी नाही केलं," अवनी म्हणाली. "मला वाटलं, तू."

मग त्याचं विंटर जॅकेट दाराबाहेर सापडलं. नीट चौकोनी घडी घातलेलं.

घरातून आपल्याला कोणीतरी काढतंय, हे श्रेयसला कळून चुकलं.

अकरा नोव्हेंबरला त्याने फोटो उतरवला. "याला याच्या माणसांत ठेवून येऊ," म्हणाला. अवनी रडली, पण आली. वॉर मेमोरियलपाशी कार्यक्रम संपला की लोक छातीवर लावलेलं लाल फूल, पॉपी, काढून अनाम सैनिकाच्या थडग्यावर ठेवतात. श्रेयसने पॉपी ठेवली. फोटोही ठेवला.

"जा बाबा आता," तो पुटपुटला. "ती माझी बायको आहे."

परत येताना अवनी गाडीतून मागे वळून बघत होती. घरी पोचेपर्यंत अंधारून आलं होतं.

दार उघडलं, आणि... गरम भाताचा वास आला.

टेबलावर दोन ताटं वाढलेली. श्रेयसची खुर्ची अवनीच्या खुर्चीला अगदी खेटून. प्रभाकाकूंकडे घराची चावी नव्हती.

श्रेयसने डेकचा दिवा लावला.

कठड्यावर एक पान होतं. पितरांचं ठेवतात तिथेच. त्यावर वांग्याची भाजी. त्या घरात वांगं फक्त श्रेयस खातो.

तो आत धावला. "अवनी, चल. आत्ताच्या आत्ता निघू."

अवनी तिच्या खुर्चीत बसली होती. ताटाकडे बघत शांतपणे म्हणाली, "तू हो पुढे."

श्रेयस सध्या चार तासांवरच्या रिचमंड हिलला माझ्याकडे राहतो. अवनी तिथेच आहे. रोज फोन करते, खुशीत असते. हा दर वेळी विचारतो, "बर्फ कोण काढतं?" ती हसते आणि विषय बदलते. मग हा रात्रभर जागा.

काल फोन स्पीकरवर होता. ती बोलत होती, आणि तिच्या मागे... शोव्हल ओढल्याचा आवाज. सावकाश. जमिनीवर खरवडत.

तो मीही ऐकला.