पुढे चालणारी काठी

रस्त्याकडेचं गवत वर्षातून एकदाच, रानफुलांचं बी गळून गेल्यावर कापायचं आणि ट्रॅक्टरच्या पुढे एका माणसाने काठी आपटत चालायचं, म्हणजे झुडपांतले ससे, मुंगसं, पाखरं वेळेवर बाहेर पडतात, अशी त्या दोघा भावांच्या कामाची रीत होती. काठी दादाची, ट्रॅक्टर धाकट्याचा. धाकटा भारी उतावळा. "ससे काय तुला हार घालणार आहेत, दादा? उचल पाय," असं म्हणत तो कापणीची पाती दादाच्या टाचांपर्यंत नेऊन भिडवायचा. गेल्या वर्षी ती पाती चुकवत दादा सरकत सरकत डांबरावर गेला आणि वळणावरून आलेल्या ट्रकखाली सापडला. धाकट्याने घरी सांगितलं, दादाचा पाय घसरला.

यंदा तो एकटाच निघाला. डबा देताना वहिनी म्हणाली, "भाऊजी, सावकाश हं. आज पुढे ते नाहीत." त्याला मान वर करवली नाही.

ऊन यायची वेळ झाली तरी धुकं हटेना. कापलेल्या ओल्या गवताचा वास नाकात बसला होता. अर्धा पट्टा झाला असेल, तोच पुढून आवाज आला. टप्... टप्... गवतातून एक ससा निघाला, मागोमाग मुंगूस. माणूस मात्र कुणी दिसेना. त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. त्याने ट्रॅक्टर बंद केला आणि खाली उतरला.

"दादा... चुकलं रे माझं."

आवाज त्याच्या पायांपाशी आला. टप्. तो एक पाऊल मागे सरला. टप्. आणखी एक. काठीत राग नव्हता. सशांना हाकलायची तशीच ती बेताने वाजत होती. टाचेला डांबर लागलं. वळणापलीकडे ट्रक घरघरला.

"वहिनीला सांगतो... आजच सांगतो, दादा..."

काठी थांबली. त्याने गवतात उडी घेतली आणि ट्रक वाऱ्यासारखा निघून गेला.

काम टाकून तो तडक घरी आला. उंबऱ्यातच बसून त्याने सगळं सांगितलं, रडत रडत. वहिनी तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला नाही.

"ठाऊक आहे मला. मघाशीच सांगून गेले."

"कोण?" त्याने मान वर केली. "...काय म्हणाले?"

"अर्धा पट्टा राहिलाय म्हणाले. उद्या लवकर निघायचंय तुम्हाला दोघांना."