माघारीचं पत्र

सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला, तेव्हा फॉर्मबाईंनी पर्सही खांद्यावरून उतरवली नव्हती.

वन्यजीवांवरच्या संशोधनाला निधी देणाऱ्या एका प्रतिष्ठानाचा फोन होता. तुमच्या विद्यापीठातल्या, कासवांवर काम करणाऱ्या मुलीने मुलाखतीतून माघार घेतली आहे, तिच्या जागी प्रतीक्षा यादीतल्या मुलीला बोलवायचं का, असं पलीकडून विचारलं. मुलाखत परवा होती.

फॉर्मबाईंनी उद्या दुपारपर्यंतची मुदत मागून घेतली आणि पत्राची प्रत मागवली.

विद्यापीठाच्या शिष्यवृत्ती विभागात त्यांची सव्वीस वर्षं गेली होती; ‘फॉर्मबाई’ हे नावही तिथेच पडलं. वर्षाला दोनशे अर्ज हाताखालून जात आणि काम होई आठ-दहा जणांचं. बाकीच्यांची समजूत काढून काढून त्यांचा आवाज बसका झाला होता. यंदा ही एक मुलगी निवडली जाईल अशी त्यांना आशा होती.

पत्राची प्रत आली. छापील, चार ओळींची.

‘घरगुती कारणामुळे माझ्या एक वर्षाच्या संशोधनासाठी केलेला अर्ज मी मागे घेत आहे. वीस तारखेच्या मुलाखतीस येणार नाही. कृपया फोन करू नये. काही कळवायचे असल्यास घरच्या पत्त्यावर कळवावे.’ खाली सही.

मुलीला बोलावलं. तिने कागद दोनदा वाचला आणि खुर्चीत बसली. सही हुबेहूब होती, पण तिची नव्हती. मुलाखतीचं बोलावणंच तिला मिळालं नव्हतं. यादीत आपलं नाव नाही असं समजून तिने तीन आठवड्यांपूर्वीच विषय मनातून काढून टाकला होता.

“बोलावणं कुठल्या पत्त्यावर जायचं होतं?”

“घरच्या.”

“घरी कोण असतं?”

“बाबा अंथरुणाला खिळलेत. ताई असते. पण बाई, ताईनेच तर मला शिकवलं. ती कशाला असं करेल?”

फॉर्मबाईंनी पत्र पर्समध्ये ठेवलं. आधी विद्यापीठातलीच माणसं बघायची होती. माघारीचा फायदा दोघांना होता.

पहिले तिचे मार्गदर्शक सर. नदीवरची सगळी मोजणी हीच करायची. निधी मिळून ती बाहेरगावी कामाला गेली की सरांचं काम अडणार, हे विभागात सगळ्यांना ठाऊक होतं. सरांनी ते लपवलंही नाही.

“शिफारसपत्रावर सही करताना अर्ज वाचलात?” बाईंनी विचारलं.

“वाचला. दोन वर्षं माझ्याकडे कुणी नसेल, हे मनाशी म्हटलं आणि सही केली. माझ्या वेळी माझ्या सरांनी केली नव्हती.”

दुसरी, प्रतीक्षा यादीतली मुलगी. कासववालीची मैत्रीण. दोघींनी शेवटच्या दिवशी फॉर्मबाईंच्याच टेबलावर अर्ज भरले होते. ती रडवेली झाली. म्हणाली, तिच्या अर्जावर खाडाखोड झाली तेव्हा नवा कोरा फॉर्म मीच आणून दिला. दोन वर्षांपेक्षा कमी कामाला निधी मिळत नाही, हे तुम्ही ऐन वेळी सांगितलंत ना, तेव्हा. मला जागा हवी होती, पण अशी नको.

फॉर्मबाईंना एवढं पुरे झालं. आनंद मात्र झाला नाही. चार वाजता त्या कासववालीला घेऊन तिच्या घरी गेल्या. तीन जिने चढताना दोनदा थांबल्या.

दोन खोल्या. खिडकीशी खाटेवर वडील. त्यांची कूस बदलून ताई उठली, पदराला हात पुसले आणि पाणी आणलं. तिशी-बत्तिशीची बाई, पण कंबरेवर हात ठेवून चालत होती.

फॉर्मबाईंनी पत्र पुढे ठेवलं आणि आवाज न चढवता सांगितलं. ज्याने हे लिहिलं, त्याला काम एक वर्षाचं वाटत होतं. आधी ते तसंच होतं. शेवटच्या दिवशी माझ्या टेबलावर एकाचं दोन झालं. सरांनी दोन वाचून सही केली. मैत्रिणीच्या डोळ्यांदेखत बदल झाला. म्हणजे त्या दोघांपैकी कुणी ‘एक’ लिहिलं नसतं. शिवाय उत्तर घरी यावं, असं त्यांनी कशाला म्हटलं असतं? घरी आलेली पत्रं दुपारी ज्याच्या हाती पडतात, त्यानेच बोलावणं ठेवून घेतलं. त्यातूनच तारीख कळली.

ताईने काहीच नाकारलं नाही. तिला एवढंच ऐकू आलं होतं.

“दोन वर्षं?” ती बहिणीकडे वळली. “तू एक म्हणाली होतीस.”

मुलीची मान खाली गेली. “सांगायचा धीर झाला नाही.”



“मला विचारायचं तरी होतंस, ताई. मी थांबले असते.”

“म्हणूनच नाही विचारलं. तू थांबली असतीस आणि जन्मभर मला तुझं तोंड बघावं लागलं असतं. निवड झालीच नाही असं वाटलं असतं, तर दोष कुणाचाच नसता.” ताई खाटेच्या कडेला टेकली. “चार वर्षं दिवसभर एकटी उचलतेय गं बाबांना. रात्रीही तू नसशील तर एक वर्षही निघेलसं वाटेना, म्हणून हे केलं.”

मुलगी तिच्या शेजारी जाऊन बसली. कुणी कुणाला जवळ घेतलं नाही.

फॉर्मबाईंनी पत्राची घडी घातली. म्हणाल्या, हे गैरसमजुतीने गेलं, एवढंच मी कळवेन. निवड झाली तर दरमहा मानधन सुरू होईल, त्यातून दिवसा मदतीला माणूस ठेवता येईल. सगळं सुटणार नाही. पण ठरवायचं तुम्ही दोघींनी, आणि एकमेकींसमोर.

ताईने डोळे पुसले नाहीत. “येतेय म्हणून कळवा,” ती म्हणाली. मग बहिणीला, “दर महिन्याला चार दिवस यायचं. ते चार दिवस मी झोपणार.”

“येईन.”

मुलाखतीला मुलीबरोबर ताई गेली. कितीतरी दिवसांनी ती घराबाहेर पडत होती. वडिलांजवळ तेवढा वेळ फॉर्मबाई बसल्या. त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती.