उजेडाच्या वाटेत

बदलापूरच्या शेडबाहेर बाबांची शिडाची बोट ठोकळ्यांवर उभी होती. अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी ती नऊ वर्षं बांधली, आणि सोलर बसवायचं राहिलं असतानाच जुलैत गेले. आज चार वाजता ट्रेलर ती अलिबागला नेणार होता. माझ्या आईची, म्हणजे माईची, अट जुनीच होती : "केबिनमध्ये उन्हावर चालणारा पंखा असेल, तरच मी समुद्रात येईन." नाहीतर मी एकटीच जाणार होते.

सोलर बसवायला उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधून जयदेवभाऊ आले. दोन पॅनल त्यांनी मागच्या कमानीवर चढवली. वायर बाबांनीच ओढून ठेवल्या होत्या. टोकांना त्यांच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या.

दुपारी बाराला पंखा फिरला. माईने त्याच्यासमोर तोंड नेऊन "आऽऽ" केलं. आवाज थरथरला तशी ती खुदकन हसली. पाच महिन्यांनी.

"साहेब असते तर मी पार्टी मागितली असती," जयदेवभाऊ म्हणाले. मग केबिनमधल्या मीटरकडे वाकले. "दीदी, ये देखो."

सोळा अँपिअरचा आकडा नऊवर आला होता.

"एका पॅनलवर सावली आहे."

आकाशात ढग नव्हता. जवळ झाड नव्हतं. डोलकाठी प्रवासासाठी काढून जमिनीवर ठेवली होती. दोन्ही पॅनल भर उन्हात चकाकत होती.

"जॉइंट ढिला असेल?"

"दोनदा बघितले. ढिला असता तर आकडा नाचला असता. हा एका जागी उभा आहे." ते मान हलवत राहिले. "इतक्यावर बॅटरी भरणार नाय. अशी बोट मी पाठवणार नाय, दीदी. समुद्रात कुणाला बोलावणार?"

बाबांची एक खोड होती. कुणी काही दुरुस्त करत असलं की ते नेमके त्याच्या उजेडात येऊन उभे राहत. मी सुईत दोरा ओवत असले तरी.

माई केबिनमधून बाहेर आली. तिने कमानीकडे पाहिलं, पदर खोचला.

"अहो, उजेड सोडा की."

सोळा.

जयदेवभाऊंनी पक्कड पिशवीत टाकली.

"जाऊ द्या बोट," ते म्हणाले.

माई परत पंख्यासमोर "आऽऽ" करायला लागली. मला हसू आवरेना. मी डेकवर आडवी झाले, डोळे मिटले. पापण्यांआड ऊन लाल दिसत होतं.

मग ते निवलं.

"आकडा किती, भाऊ?"

"सोळा," खालून आवाज आला. "फुल."

सावली माझ्या चेहऱ्यावर होती. मी डोळे उघडले नाहीत.